बँड ‘गल्लाभरू’ झाला म्हणजे नक्की काय झालं?

बेसूर: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि मेटालिका हा मेटल बँड १९९१ ला संपला.’ तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे. अहो, इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार १९८४ चा! ज्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ अल्बमची तुम्ही आरती ओवाळता, तोही त्याच कंपनीचा. १९९१ च्या काळ्या अल्बमात गाणी आखूड झाली, वेग उतरला, मान्य. पण त्याआधीचं नऊ-दहा मिनिटांचं गाणं वाजवताना समोरचे जांभया देत होते, हे त्यांच्याच गिटारवाल्या हॅमेटनं सांगितलंय. कंटाळा आल्यावर बदलणं म्हणजे विकलं जाणं?

तिसरी_तार: करार सोड. निर्माता कोण आणला? बॉब रॉक. मॉटली क्रू या बँडला चकाचक करून देणारा! तो काय जांभया थांबवायला आणला होता? फुगाझी बँडकडे बघ. लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, घरचं; तिकीट शक्यतो पाच डॉलर असायचं.

बेसूर: झालं, आले सोवळ्यातले. फुगाझीचं नाव घेतलं की वाद जिंकला असं वाटतं तुम्हाला.

ढोलक्या: तत्त्वंबित्त्वं राहू द्या हो. आमच्या बँडचं गाणं एका जाहिरातीत गेलं. तीन रात्री जागून ताल मी बसवला. सुरुवातीचे सोळा ठोके काढले तर त्या गाण्यात उरतं काय? कागदावर नावं मात्र गायकाची आणि गिटारवाल्याची. मला मिळाली स्टिक्सची नवी जोडी. डोअर्स बँडमध्ये चौघांना सारखा वाटा आणि प्रत्येकाला नकाराचा हक्क होता. म्हणून त्यांचा ड्रमर डेन्समोर जाहिरातीसाठी कॅडिलॅक मोटारवाल्यांनी देऊ केलेल्या दीड कोटी डॉलरना नाही म्हणू शकला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तिसरी_तार: वाईट झालं, पण ताल म्हणजे रचना नव्हे. चाल आणि शब्द ज्याचे, गाणं त्याचं.

ढोलक्या: बाई, तुम्ही कधी ड्रमवर बसलाय का? नसाल तर हे ‘नव्हे’ कुणाच्या जोरावर?

तिसरी_तार: अकरा वर्षं बेस वाजवलाय. माझंही नाव कुठे नाही. मी रडत बसले नाही.

बेसूर: धागा माझा होता, आठवतंय का कुणाला?

ढोलक्या: तुमच्या मेटालिकाचंच घ्या. २००० साली इंटरनेटवर गाणी फुकट वाटू देणाऱ्या नॅपस्टरला कोर्टात खेचलं तेव्हा लोक त्यांच्या ड्रमरला, लार्सला, पैशाचा लोभी म्हणाले. ड्रमरनं हिशोब मागितला की लगेच लोभी! बाकीचे कलावंत.

तिसरी_तार: लार्सला गाण्यांवर नाव मिळतं, म्हणून त्याला हिशोब मागता येतो. हां... म्हणजे तुझाच मुद्दा झाला हा. घे, ठेव. पण पैसे घ्यायचेच तर चुम्बावाम्बा बँडसारखे घ्यावेत. जनरल मोटर्सकडून जाहिरातीचे घेतले आणि कंपन्यांच्या मागे लागणाऱ्या संघटनांना देऊन टाकले.

बेसूर: वा! म्हणजे जाहिरात चालते. फक्त पावती योग्य माणसाच्या नावाने फाडायची. हे आधीच बोलली असतीस तर माझी दुपार वाचली असती.

तिसरी_तार: बॉब रॉकबद्दल एक शब्द मागे घेत नाहीये. ढोलक्या, गाणं कोणतं ते तरी सांग.

ढोलक्या: नाही सांगणार. जाहिरात लागली की आवाज बंद करतो मी. सोळा ठोके झाल्यावर.