पिवळा, काळा की तुर्की? मेटल डिटेक्टर, ब्रँडचा हट्ट आणि आपला खिसा (अनुभव लिहा)

खुरपी_पुणेकर:
रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर पिवळा गॅरेट एस २५० डिटेक्टर पडलेला दिसला, कॉइलची (खालची जमिनीवर फिरवायची तबकडी) केबल तुटलेली. लगेच आपल्यातला जुना वाद आठवला. गॅरेटवाले एका बाजूला, मायनलॅबवाले दुसऱ्या, आणि मधे "तुर्की नोक्तात काय वाईट आहे ते सांगा" म्हणणारे. म्हणून हा धागा. कोणतं मशीन, का, आणि पुण्याच्या आसपासच्या जमिनीत ते खरंच कसं वाजतं ते लिहा. खोक्यावर छापलेली खोली नको.

माझं मत आधी टाकतो. आपल्याकडे ब्रँडच्या आधी जमीन बघावी. पुणं बसाल्टवर बसलंय. त्या दगडात मॅग्नेटाइट असतं, दगड झिजला की ते काळ्या मातीत उतरतं, आणि डिटेक्टरला ते म्हणजे सगळीकडे भुरभुरलेलं लोखंडच. एस २५०, ३००, ४०० या तिघांचाही ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा आवाज दाबायची जुळणी) कारखान्यातून ठरवून येतो, हाताने बदलता येत नाही. नदीकाठच्या गाळात ठीक. पुरंदरकडच्या माळावर मात्र सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणल्याशिवाय कुरकुर थांबत नाही, आणि तेवढी खाली आणली की खोलीही गेली. त्याच पैशांच्या आसपास नोक्ता सिम्प्लेक्समध्ये ग्राउंड बॅलन्स हातात मिळतो. पहिलं मशीन घेणाऱ्याने एवढं एकच बटण बघावं.

पिवळा_निष्ठावंत:
झालं सुरू. २५० कोणी नवीन घेतं का आता? त्यावर खाली कोणता धातू असेल ते सुचवणारा साधा आकडासुद्धा येत नाही, नुसते खाने दिसतात. तुलना करायची तर ४०० शी करा. १० किलोहर्ट्झ, डीडी कॉइल, आयर्न ऑडिओ (लोखंड कानाने ओळखायची सोय). खनिजवाल्या मातीत डीडी जमीन अरुंद पट्ट्यात बघते म्हणून कमी गोंधळते. २५० आणि ३०० ला कॉन्सेंट्रिक कॉइल येते, ती मातीचा अख्खा शंकू बघते.

आणि गॅरेटचा मोठा फायदा कोणी बोलत नाही. चार पेन्सिल सेल. वेल्ह्याच्या पुढे कुठेही टपरीवर मिळतात. तुमचा सिम्प्लेक्स सीलबंद, बॅटरी बसली की घरी या.

तुर्की_भक्त:
पॉवर बँक लावून चालतो की तो, कंबरेला अडकवायची.

पिवळा_निष्ठावंत:
आणि मग पाण्यात जायचं पॉवर बँक घेऊन 😄

तुर्की_भक्त:
पाण्यात निदान जाता तरी येतं. सिम्प्लेक्स प्लस अख्खा ३ मीटरपर्यंत जलरोधक आहे. एस ची फक्त कॉइल बुडवायची, वरचा डबा नाही.

मुठेकाठची:
भांडू नका, सेलबद्दल कामाचं लिहिते. रिचार्जेबल निकेलवाले १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे. एस मध्ये दोन्ही चालतात, पण निकेलवाले घातले की बॅटरीची खूण कमी दिसते आणि नवीन माणूस घाबरतो. मात्र शेवटी ते एकदम बसतात, म्हणून चारचा दुसरा संच खिशात हवाच. चारही सेल एकाच वयाचे ठेवा. एक जुना मिसळला की तो आधी मरतो आणि उरलेले त्याला उलटा चार्ज देतात, मग गळती. तपकीर गल्लीत सेल घेताना वजन बघा. २५०० छापलेला आणि हाताला हलका लागतो तो तिथेच परत ठेवा.

जमीन_आधी:
ग्राउंड बॅलन्सचा विषय निघालाच आहे तर नीट करायची रीत देतो, कारण बटण असूनही निम्मे लोक वापरत नाहीत. आधी ऑल मेटलमध्ये (काहीही न गाळता सगळे धातू वाजवणारा मोड) फिरवून धातू नसलेली हातभर जागा शोधा. मग बॅलन्सचं बटण दाबून ठेवा आणि कॉइल जमिनीला समांतर वरखाली करा, साधारण ३ सेंटिमीटरपासून १५-२० पर्यंत, तिरकी न करता. खाली जाताना आणि वर येताना आवाज सारखा झाला की बटण सोडा. बसाल्टवर आकडा वरच्या टोकाला जातो, ८० च्या पुढे गेला तर बिघडलं म्हणू नका. नांगरटीचा पट्टा संपून मुरूम लागला की पुन्हा करा. ओढ्यावर गेलात की पुन्हा. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं करूनही काही दगड वाजतातच. मुठीएवढा काळा गोटा, वजनाला जास्त, लाथेने बाजूला केला की आवाज त्याच्याबरोबर सरकतो. तो हॉट रॉक. खड्डा नका खणू.

नवखा_कोथरूड:
मॉलच्या दारात सिक्युरिटीवाले फिरवतात तो दांडा स्वस्तात मिळतोय. शेतात चालेल का?

जमीन_आधी:
नाही. तो अंगावर लपवलेला चाकू शोधायला आहे. जमिनीत चार बोटांच्या खाली काही सांगणार नाही आणि डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू गाळणं) शून्य. प्रत्येक खिळ्याला बोंब मारेल.

नवखा_कोथरूड:
बरं 🙏 मग ऑनलाइन ते एमडी नावाचे चिनी मिळतात ते?

खुरपी_पुणेकर:
चालू होतात, वाजतात, वरवरचं नाणं सापडतं. पण नॉब फिरवला की कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि काळ्या मातीत कॉइल जराशी वर उचलली तरी ओरडतात. आठ-दहा वर्षांच्या पोराला अंगणात खेळायला ठीक आहे. तुम्हाला दोन महिन्यांत दुसरं घ्यावं लागेल, म्हणजे स्वस्त पडलं नाहीच.

नाणेवाले_काका:
लोखंड गाळायची सवय आहे त्यांच्यासाठी. आपला एक रुपया १९९२ पासून फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, त्याआधी १९८८ चे ५० आणि २५ पैसेही. हे सगळे चुंबकाला चिकटतात. परदेशी व्हिडिओ बघून तुम्ही डिस्क्रिमिनेशन वर चढवलंत की हे नाणं एकतर गप्प राहतं, नाहीतर आकडा खालीवर उड्या मारतो. मशीन बरोबर आहे, नाणं लोखंडाचंच आहे. जुना जाड पाच रुपया कपरो-निकेलचा, तो स्थिर आकडा देतो. आताचा पिवळा पाच निकेल-ब्रासचा, तोही स्वच्छ वाजतो. दहाच्या नाण्याला दोन धातू, त्यामुळे कॉइल कुठून जाते त्यावर थोडा हलतो. ५, १०, २० पैशांची ॲल्युमिनियमची नाणी बाटलीच्या बुचाच्या आणि फॉइलच्या शेजारीच बसतात, ती खणूनच ठरवायची.

घरी टेबलावर एकेक ठेवून आपल्या मशीनचे आकडे वहीत लिहून काढा. कारण ब्रँडनिहाय मोजपट्टीच वेगळी. मायनलॅबच्या व्हँक्विश आणि जुन्या इक्विनॉक्स ६००-८०० ची उणे ९ ते ४०, नोक्ताच्या सिम्प्लेक्सची ० ते ९९, लेजंडची १ ते ६०. दुसऱ्याचा "२२" ऐकून तुम्ही खणू लागलात की संपलं.

काळा_डबा_मायनलॅब:
काकांनी लिहिलंय तेच निष्ठेचं खरं कारण. कान एका कंपनीच्या सुरांना सरावतात. बदललं की पुन्हा पहिलीपासून. आणि पैसे कॉइलमध्ये अडकतात ते वेगळंच. एकाच कंपनीतही कॉइल चालत नाहीत: व्हँक्विशची इक्विनॉक्सला लागत नाही, सिम्प्लेक्सची लेजंडला लागत नाही. "आधी स्वस्तातलं घेतो, जास्तीची छोटी कॉइल पुढे वरच्या मॉडेलला वापरू" हा हिशेब करू नका.

कोकण_शनिवार:
समुद्रावर जाणाऱ्यांना फक्त एक सांगतो, मल्टी फ्रीक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं मशीन. कोरड्या वाळूत काहीही चालतं. भरती जिथे येऊन जाते त्या ओल्या वाळूत मीठ वीज वाहतं, ते बॅलन्सच्या एका टोकाला. वर काळी वाळू असेल तर ती दुसऱ्या टोकाला. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मालगुंडच्या बाजूला इल्मेनाइटची काळी वाळू पट्ट्यापट्ट्यांनी असते. एकच फ्रीक्वेन्सी असलेलं मशीन दोघांपैकी एकालाच शांत करू शकतं. सिम्प्लेक्सचे १२ किलोहर्ट्झ असोत की एस ३०० चे ८, तिथे दोघेही सारखेच रडतात. स्वस्तातली बहुफ्रीक्वेन्सी म्हणजे व्हँक्विश ३४०. त्याला हाताचा ग्राउंड बॅलन्स नाही, पण समुद्रावर तरीही जिंकतो. पैसे असतील तर लेजंड किंवा इक्विनॉक्स. गॅरेटवाल्यांना ॲपेक्स आहे, वाईट वाटून घेऊ नका.

घरी आल्यावर नळाखाली धुवा, आणि कॉइलचं कव्हर काढून धुवा. आत काळी वाळू साठते. ती कॉइलला चिकटून बसते आणि मशीन दर फेरीला खोटं वाजतं. लोक कॉइल खराब झाली म्हणून नवीन मागवतात!

मुठेकाठची:
दिवेआगरला कोण जाणार आहे दिवाळीनंतर? मोदकांची ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी लागते, आठवण.

कोकण_शनिवार:
मोदक माझ्याकडून, ड्रायव्हिंग तुमच्याकडून.

शोधून_देतो:
ब्रँड वगैरे ठीक आहे. पण लोक मशीन काढतात ते बहुतेक वेळा कोणाचं तरी हरवलेलं शोधायला, मंगल कार्यालयाच्या लॉनवर नाहीतर भाताच्या खाचरात. त्यासाठी थोडं सविस्तर.

अंगठी सोपी. बंद कडं असतं, चांगली वाजते. त्याच वजनाची आणि कॅरटची दुसरी अंगठी घरच्यांकडून मागून घ्या, गवतावर ठेवून आकडा बघा, मग त्याच्या चार-पाच खाली आणि वरपर्यंतचं सगळं खणा. सोन्याचा आकडा फॉइल आणि कॅनच्या खेचपट्टीच्या घरात पडतो, त्यामुळे "कचरा गाळून सोनं ठेवा" असं बटण कुठल्याच ब्रँडमध्ये नाही.

साखळी अवघड. मंगळसूत्राची बारीक साखळी मशीनला एक वस्तू म्हणून दिसतच नाही. प्रत्येक कडी सुटी दिसते आणि एकेक कडी फार छोटी. वाजतो तो फासा, नाहीतर वाट्या. मण्यांमधल्या तारेवर भरवसा ठेवू नका. इथे वरची फ्रीक्वेन्सी कामाला येते, १५-२० किलोहर्ट्झ आणि वर, छोटी कॉइल, आणि कॉइल गवताला घासत. नथीचंही तसंच. हरवलेलं जोडवं चांदीचं असेल तर आनंद, कारण चांदी ठळक बोलते.

रीत: चार खुंट्या, सुतळी, एक मीटरचे पट्टे. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. पूर्ण झालं की सुतळी काटकोनात बांधून पुन्हा. मातीत कडेवर उभी राहिलेली अंगठी एका दिशेने गप्प असते, दुसरीने बोलते. आणि मांडववाल्याने काढलेल्या खिळ्यांचा आवाज कॉन्सेंट्रिक छोट्या कॉइलवर जास्त सुटा ऐकू येतो, हे गॅरेटवाल्यांचं म्हणणं खरं आहे.

पिवळा_निष्ठावंत:
🙏🙏 स्क्रीनशॉट काढून ठेवला

नवखा_कोथरूड:
गोळ्यांची रिकामी पाकिटं पण वाजतात का? लॉनवर ढीग असतो

शोधून_देतो:
मागची चांदी ॲल्युमिनियमची असते, वाजते. पातळ चकचकीत वेफरचं पाकीट सहसा वाजत नाही, त्यावरचा धातूचा थर फारच पातळ. बैलाची पत्री (खुराला मारलेला नाल) मात्र सांभाळा. सपाट, भोकाचं लोखंड आहे, चांदीच्या आकड्यावर जाऊन बसतं. वॉशरही तसाच. ९० अंशांत वळून परत फिरवा. आकडा कोसळला किंवा आवाज सरकला तर लोखंड.

बजेटवाला_बाळ्या:
पैशांचं कोणीच नीट सांगितलं नाही. शंभर रुपये असतील तर सत्तर मशीनला, वीस पिनपॉइंटरला (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), दहा खुरपी, पिशवी आणि कॉइल कव्हरला. सगळे शंभर मशीनवर घालणारा मग खड्ड्यात हाताने माती चाळत बसतो. काळ्या मातीच्या ढेकळात अंगठी दिसत नाही हो, पिनपॉइंटरच लागतो. गॅरेटचा नारिंगी चांगला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, पाण्यातही जातो. पण त्याचे नकली फार आहेत. किंमत निम्मी दिसली तर समजून जा.

परदेशातून मागवत असाल तर तिथली किंमत बघून उड्या मारू नका. भाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी धरा, आणि वॉरंटीसाठी परत पाठवायचं भाडं कोणाच्या खिशातून जाणार ते घेण्याआधी लेखी विचारा. इथे सर्व्हिस कोण देतो हा प्रश्न कुठल्याही ब्रँडपेक्षा मोठा आहे.

हेडफोन तारेचाच घ्या. साधा ब्लूटूथ घातला तर आवाज उशिरा येतो, कॉइल पुढे गेलेली असते आणि तुम्ही वीतभर बाजूला खणता.

मुठेकाठची:
बाळ्या, खुरपी बोहरी आळीत घेतलीस का? ती पातळ पत्र्याची मे महिन्यात वाकते.

बजेटवाला_बाळ्या:
जाड लोखंडाची, लोहाराकडून एका बाजूला दाते काढून. मुळं कापायला बरी.

कायदा_सांगतो:
खुरपीवर आलातच तर हेही ठेवतो, नव्या मंडळींसाठी. भारतीय निखात निधी कायदा, १८७८. जमिनीत दडलेलं मौल्यवान काही सापडलं आणि किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. हो, अजूनही दहाच. शिवनेरी, कार्ला, भाजे, शनिवारवाडा ही केंद्राची संरक्षित स्मारकं, १९५८ चा कायदा. राज्याच्या स्मारकांना १९६० चा. तिथे मशीन घेऊन जाऊच नका, खुरपी तर लांबच. शेतात मालकाची परवानगी घ्या, तीही मोबाइलवर लेखी.

तुर्की_भक्त:
हे वर पिन करा कोणीतरी. किल्ल्यावर मशीन घेऊन रील बनवणाऱ्यांमुळे बाकीच्यांना शेतकरी उभं करत नाहीत.

नवखा_कोथरूड:
सगळं वाचलं. शेत मुळशीत, समुद्र वर्षातून एकदा. म्हणजे सिम्प्लेक्स?

खुरपी_पुणेकर:
हो. आणि विहिरीवरच्या मोटारीपासून लांब उभं राहून चालू करा, मोबाइल दुसऱ्या खिशात किंवा एअरप्लेनवर. नाहीतर पहिल्याच दिवशी "मशीन बिघडलंय" म्हणून इथे लिहाल.

पिवळा_निष्ठावंत:
त्या जुन्या बाजारातल्या २५० चे किती सांगत होता तो? केबलचं सोल्डरिंग मी करतो.