टाच मोकळी असली तरी स्प्रिंग ओढतेच

"टेलिमार्कमध्ये टाच मोकळीच असते, मग वेगळा टूरिंग मोड कशाला?" हा तुमचा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. टेलिमार्क म्हणजे टाच मोकळी ठेवून करायचं स्कीइंग, आणि टूरिंग मोड म्हणजे चढ चढण्यासाठी बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या भागात, असलेली सोय. टाच उचलली जाते हे खरं, पण दर पावलाला बाइंडिंगची स्प्रिंग बूट परत खाली खेचते. हजार मीटरचा चढ असेल तर पिंडऱ्यांचा आणि पावलांचा पार पिट्टा पडतो. टूरिंग म्हणजेच फ्री पिव्हट मोडमध्ये बूट बिजागरीसारखा फिरतो, स्प्रिंग ताणलीच जात नाही.

पण बाइंडिंगच्या आधी बूट बघा. पुढे बदकाच्या चोचीसारखा चपटा सोल असेल तर ती ७५ एमएम पद्धत; त्यासाठी व्हॉले कंपनीचं स्विचबॅक बाइंडिंग साधं आणि दणकट. चोच नसेल तर एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म), रोटेफेला कंपनीने २००७ मध्ये आणलेली पद्धत. मेइजो किंवा लिंक्ससारखं हलकं बाइंडिंग हवं असेल तर बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना टेक पिनांचे, म्हणजे बूट पकडणाऱ्या पिना बसायचे, खळगे लागतात. सगळ्या एनटीएन बुटांना ते नसतात, लोक नेमके इथेच फसतात.

एकदा माथ्यावर माझ्या बाइंडिंगच्या टो-पीसच्या (बुटाचं टोक पकडणाऱ्या पुढच्या भागाच्या) स्प्रिंगखाली बर्फ गच्च बसला होता, पिना मिटेचनात. शेवटी स्की पोलच्या टोकाने खरवडून काढला. तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर आणि जादा केबल पिशवीत असतेच.

आणि हो, बहुतेक टेलिमार्क बाइंडिंग पडल्यावर हमखास सुटतील असं नाही. हिमस्खलनात पायाला राहिलेली स्की नांगरासारखी खाली ओढते. वजनाआधी हे विचारा.