मदत हवी आहे: सीएनसी राउटरचा एक्स अक्ष वेगात अडतो, सफाई आणि ग्रीसिंग नेमकं कसं करायचं?

प्रश्न
मशीनवर मुख्यतः एमडीएफचं काम होतं. २० मिमीच्या चौकोनी रेल, १६०५ बॉलस्क्रू (गोळ्यांवर चालणारा, अक्ष सरकवणारा स्क्रू), स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी). एक्स अक्ष मिनिटाला ५००० मिमी वेगाने पळवला की मधल्या भागात खरखर होते आणि काम संपेपर्यंत शून्य बिंदू २-३ मिमी सरकलेला असतो. ३००० ला काही त्रास नाही. रेलवर तपकिरी चिकट थर आहे. कॅरेज (रेलवर सरकणारे ठोकळे) काढून धुवावे लागतील का? गंज सोडवायचा स्प्रे चालेल का?

प्रतिसाद १
कॅरेज काढू नका. टोकाला नकली रेल न लावता ओढलं तर आतल्या गोळ्या बाहेर पडू शकतात.

तो तपकिरी थर म्हणजे जुनं तेल आणि एमडीएफची पावडर यांचं मिश्रण. वंगण म्हणून तो संपलेलाच आहे, उलट घर्षण वाढवतो. १६०५ चा पिच (एका फेऱ्यात सरकण्याचं अंतर) ५ मिमी, म्हणजे ५००० ला स्क्रू १००० आरपीएमने फिरतो. वेग वाढला की स्टेपरचा टॉर्क पडतो, म्हणून तेच घर्षण ३००० ला खपून जातं आणि ५००० ला स्टेप सुटतात, म्हणजे मोटर काही टप्पे चुकवते.

मेन स्विच बंद करा, नुसता इमर्जन्सी स्टॉप पुरेसा नाही. स्पिंडलखाली (बिट फिरवणाऱ्या मोटरखाली) लाकडी ठोकळा ठेवा. बॉलस्क्रूवर चालणारा झेड (वरखाली) अक्ष करंट गेला की स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. आधी व्हॅक्यूम आणि ब्रश. कॉम्प्रेसरची हवा रेलवर अजिबात मारू नका, पावडर कॅरेजच्या टोकांच्या वायपर सीलच्या (धूळ अडवणाऱ्या रबराच्या) आत जाते. मग लिंट न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रेल पुसा. गोळ्या बाजूच्या खाचांतून धावतात, त्यामुळे वरचा भाग चकचकीत करून खाचा तशाच ठेवल्या तर काही साधलं नाही. स्क्रूचे आटे ताठ ब्रशने साफ करा. अल्कोहोल कापडावरच घ्या, कॅरेजवर ओतू नका.

ग्रीस लिथियम साबणाचं, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी). ग्रीसगनचं टोक पुसून कॅरेजच्या निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) लावा, हलकेच अर्धा दाब, कॅरेज हाताने पूर्ण लांबी सावकाश फिरवा, पुन्हा अर्धा दाब. सीलपाशी पातळ कडा दिसली की थांबा. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका, नाहीतर पावडर तिथेच बसते. जोराने दाबलं तर सील उलटतं. बॉलस्क्रूच्या नटला निपल असेल तर तीच पद्धत.

स्प्रे इथे नको. तो जुनं ग्रीस विरघळवतो आणि मागे टिकणारा थर ठेवत नाही. ग्रॅफाइट किंवा मोलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीसही गोळ्यांच्या कॅरेजला घालू नका.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण ग्रीस लावण्याआधी कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) तपासा. शाफ्ट आणि कपलिंग यांवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा. वेगात फिरवल्यावर रेघ तुटली तर कपलिंग आवळणारा छोटा ग्रब स्क्रू सैल आहे. मग कितीही वंगण घाला, शून्य सरकतच राहील.

डायल गेजने (सूक्ष्म सरकणं मोजणाऱ्या उपकरणाने) फरक कळतो. एकदाच उलट दिशेने फिरवल्यावर ठरावीक चूक येत असेल तर तो बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई). पुन्हापुन्हा वेगात फिरवल्यावर चूक वाढत गेली तर स्टेप सुटताहेत किंवा कपलिंग घसरतंय.

धागाकर्ता
रेघ जुळलेली राहिली, कपलिंग घट्ट आहे. कॅरेजमध्ये आधी कुठलं ग्रीस आहे ते माहीत नाही. मिसळलं तर चालेल का?

प्रतिसाद १
लिथियमवर लिथियम चालतं. बेंटोनाइट किंवा काही पॉलियुरिया ग्रीसांशी मिसळलं तर ते पातळ होऊन गळू शकतं. म्हणून यावेळी निपलमधून थोडं थोडं करत जुनं काळं ग्रीस सीलमधून बाहेर येऊ द्या, पुसत राहा, स्वच्छ रंग आला की थांबा. हाताने फिरवताना सावकाश; स्टेपर जोरात फिरवला तर जनरेटरसारखा व्होल्टेज ड्रायव्हरकडे पाठवतो.

स्वच्छ जागेत सुमारे १०० किमी प्रवासानंतर ग्रीस द्यायची पद्धत आहे. एमडीएफच्या धुळीत त्याच्या बरंच आधी द्या आणि रेल रोज काम संपल्यावर पुसा. सीलबंद स्पिंडल बेअरिंगला काही घालू नका. कॉलेट (बिट पकडणारा भाग) आणि त्याचा टेपर (निमुळती बैठक) कोरडाच ठेवा, तेल लागलं तर बिट घसरतं.

सुरू करताना आधी मिनिटाला १००० ने पूर्ण लांबी काही फेऱ्या, मग टप्प्याटप्प्याने ५०००. तेव्हाही त्याच मधल्या जागी खरखर आली तर तिथे रेलवर नखाने खाच लागते का बघा.