जखमी पोलिसासाठी कायदा हवा, पण नेमका कोणता?

सातारी_माळ (धागाकर्ता)
1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता गेली आणि महाराष्ट्राने तिच्या कलम 353 मध्ये केलेली दुरुस्तीही गेली. कामावरच्या सरकारी नोकरावर हल्ला केला तर त्या दुरुस्तीने 5 वर्षांपर्यंत कैद होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 ने ती पुन्हा 2 वर्षांवर आणली.

राज्याने 5 वर्षं परत आणावीत आणि जोडीला जखमी पोलिसांसाठी वेगळा कायदा करावा. उपचाराचं बिल सरकारने थेट भरावं, बरं होईपर्यंतची रजा ड्युटीत धरावी, अपंगत्वाच्या भरपाईचा आकडा कायद्यातच लिहावा. 2016 मध्ये खारला विनाहेल्मेट मुलाला अडवलं म्हणून एका वाहतूक हवालदाराच्या डोक्यात दांडका घातला गेला. आठवड्याभराने ते गेले. आणखी कशाची वाट बघायची?

तारीख_पे_तारीख
फौजदारी वकिली करतो. भरपाईला पूर्ण पाठिंबा, शिक्षावाढीला ठाम विरोध.

खारसारख्या प्रकरणात 132 लागतच नाही, थेट खुनाचं कलम लागतं. पोलिसाला गंभीर दुखापत केली तर कलम 121 मध्ये 1 ते 10 वर्षं आजही आहेत. 132 साठी दुखापत झालेली असावी लागत नाही, नुसती धक्काबुक्की पुरते. म्हणून शिक्षा वाढली की जखमी पोलिसाला काही मिळत नाही, वाद घालणारा माणूस मात्र अडकतो. बंगळुरात एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर 353 लावलं होतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला, तोवर ते हेलपाटे घालत होते.

शिवाय त्या दुरुस्तीने हे खटले दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयात गेले. तिथली रांग आम्ही रोज बघतो.

खाकीतली_लेक
वकीलसाहेब, रांगेचं मला विचारा. माझे वडील हवालदार होते. एका आंदोलनाच्या बंदोबस्तात दगड लागून खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत कॅशलेस झालं, ते नाकारणार नाही. त्यानंतरचं सगळं आमच्या खिशातून गेलं: फिजिओथेरपी, रिक्षा, आईचा बुडालेला पगार. हात वर जात नसताना त्यांना पुन्हा बंदोबस्ताला लावलं. पुढे त्या आंदोलनातले खटले मागे घ्यायचं ठरलं आणि ते आम्हाला पेपरात वाचून कळलं.

बाबांना राग दगड मारणाऱ्या पोरांचा नव्हता, ‘मला कुणी विचारलंसुद्धा नाही’ याचा होता. पोलिसांना कामगार संघटना काढता येत नाही, 1966 चा केंद्राचा कायदाच तसा आहे. एसटीवाले संप करतात, डॉक्टर काळ्या फिती लावतात. आमच्या घरातल्या माणसाने कुठे बोलायचं?

मोर्चेकरी
ताई, तुमच्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटलं. तरी सांगतो, 1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला तेव्हा पोलीसही जखमी झाले आणि उपोषणाला बसलेल्या गावातल्या बायाबापड्याही. एकाच संध्याकाळचे जखमी, मग कायदा एकाच बाजूच्या जखमांचा का? आमच्यावर गुन्हा लगेच नोंदवला जातो. आम्ही पोलिसाविरुद्ध गेलो की ‘कर्तव्य बजावताना’ म्हणून सरकारच्या परवानगीचा मुद्दा पुढे येतो आणि वर्षं जातात. 5 वर्षांचं कलम आणाल तर मी पुन्हा रस्त्यावर उतरेन.

सातारी_माळ
मोर्चेकरी, बायाबापड्यांवर लाठी चालवायचा आदेश देणारा अधिकारी आणि दगड खाणारा अंमलदार यांना एका मापात तोलू नका. माझा धाकटा भाऊ पोलिसात आहे. दिवाळी, गणपती, ईद, निवडणूक, सगळीकडे तो उभा असतो आणि तिथे कुठे कसं उभं राहायचं हे त्याला वरून सांगितलेलं असतं. 2 वर्षांच्या कलमाला कुणी भीत नाही, हे तो स्वतः सांगतो.

तारीख_पे_तारीख
भीती शिक्षेच्या आकड्याची नसते, शिक्षा होईल या खात्रीची असते. साक्षीदार फितूर झाले तर 10 वर्षांचं कलमही कागदावरच राहतं.

ताईंनी मांडलेला मुद्दा मात्र सगळ्यात मोठा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 360 सांगतं की खटला मागे घेण्याची परवानगी देण्याआधी कोर्टाने पीडिताला म्हणणं मांडायची संधी द्यावी. जखमी पोलीस हा त्या खटल्यातला पीडितच आहे. पण त्याला कळवायचं कुणी? राज्याच्या कायद्यात हे काम घटकप्रमुखावर, म्हणजे त्या पोलिसाच्या जिल्ह्याच्या अधीक्षकावर किंवा शहराच्या आयुक्तावर टाका.

नोकरीचंही तसंच. 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 20 म्हणतं, सेवेत अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, झेपेल अशा जागी त्याच पगारावर घ्यायचं. एसएसबी या केंद्राच्या सुरक्षा दलातल्या एका जवानाचा पाय गेला आणि त्याला घरी पाठवलं, तेव्हा जुन्या कायद्यातल्या अशाच कलमाखाली 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची नोकरी राखली. पण त्यासाठी त्याला दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. हवालदाराने एवढं कुठून करायचं?

खाकीतली_लेक
मग हेच लिहा ना मसुद्यात. पुढच्या उपचारांचा खर्च, हलकं काम आणि खटला मागे घेण्याआधी नोटीस. बाबांना या तिन्हींतलं एकही मिळालं नाही. शिक्षा 2 वर्षं की 5, याने आमच्या घरात काहीच बदललं नसतं.

मोर्चेकरी
या तिन्हींवर माझी सही घ्या. बंदोबस्तात जखमी झालेल्या नागरिकाच्या उपचाराचं एक कलम घातलंत तर गावातून आणखी सह्या आणतो. 132 वाढवायच्या कागदावर मात्र सही नाही.

सातारी_माळ
नागरिकांचं कलम घालायला माझी हरकत नाही. 5 वर्षांची मागणी मी वेगळ्या अर्जात करतो, ती सोडलेली नाही. वकीलसाहेब, घटकप्रमुखाने किती दिवसांत कळवायचं ते तुम्ही लिहून द्या.