मदत हवी आहे: कमी जादूच्या जगात पिंगळा डोईजड झालाय

धागाकर्ता

साताऱ्यात आमचा टेबल, चार प्लेयर आणि खेळ चालवणारा (डीएम) मी, दर रविवारी तीन तास बसतो. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे (फाइव्ह-ई, २०१४ चे), जग मात्र आपल्या घाटमाथ्यासारखं: गड, चौक्या, धनगरवाडे. जादू इतकी विरळ की अख्ख्या खोऱ्यात मंत्र येणारा एखादाच, आणि त्यालाही लोक बिचकून असतात. त्यात एका प्लेयरने फाइंड फॅमिलिअर (सोबतीला प्राणी बोलावायचा मंत्र) घेतला. रूप पिंगळ्याचं, स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) घुबडाचा. तेव्हापासून तीन त्रास सुरू झालेत.

१. कुठल्याही गडात शिरायच्या आधी पिंगळा आत फिरून येतो. पहारे किती, चोरवाट कुठे, सगळं आधीच कळतं.
२. लढाईत दर राउंडला त्याची हेल्प (साथीदाराच्या हल्ल्याला मदत). वर फ्लायबाय, त्यामुळे निघून जाताना कुणी वारही करू शकत नाही.
३. मेला तरी कुणाला सोयरसुतक नाही. पुन्हा बोलावतात.

बंद करायचा नाहीये, प्लेयर त्याच्यात रमलाय. पण तेवढा वेळ बाकीचे तिघं मोबाइल चाळत बसतात. स्पेल ठेवून आवर कसा घालू?

कृष्णाकाठ

आधी स्पेल नीट वाचा. बरेच टेबल तो ऐकीव माहितीवर चालवतात. मनातल्या मनात बोलणं आणि त्याच्या डोळ्यांनी पाहणं, दोन्ही १०० फुटांच्या आतच. १०० फूट म्हणजे ३० मीटर. अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर वर आहे. म्हणजे पायथ्याच्या झुडपात बसून गडावरचं काही दिसत नाही, तटाच्या बुडाशीच जावं लागतं. शिवाय त्याच्या डोळ्यांनी बघायला अ‍ॅक्शन जाते, आणि स्वतःच्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत मालक आंधळा आणि बहिरा. गस्त मागून आली तरी त्याला पत्ता नाही. अशा वेळी त्याच्याजवळ पहारा द्यायला एक जण लागतो, म्हणजे मोबाइलवाल्यांपैकी एकाला काम मिळालं.

गडात शिरताना पिंगळ्याला लपायचा फासा टाकायला लावता का? घुबडाचा स्टेल्थ (लपणं) +३, साध्या गार्डचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायची नजर) १२. वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा वर पडलं तर सुटला, म्हणजे ६० टक्के. दिवसाढवळ्या डिसअ‍ॅडव्हांटेज (दोनदा टाकून लहान आकडा धरायचा) द्या, तेच ३६ टक्क्यांवर येतं. कारण शोधायला नको: दिवसा पिंगळा उघड्यावर दिसला की कावळे-साळुंक्या त्याच्याभोवती कालवा करतात, आणि पहारेकरी मान वर करून बघतोच.

हेल्पचं म्हणाल तर हल्ल्यात मदत करायला त्याला शत्रूच्या ५ फुटांत यावं लागतं. फ्लायबायने फक्त ऑपर्च्युनिटी अटॅक (निघून जातानाचा वार) टळतो, रेडी अ‍ॅक्शन (आधीच ठरवून रोखलेला वार) टळत नाही. एकदा डोक्यावरून पक्षी गेलेला गार्ड पुढच्या राउंडला भाला रोखून थांबेल. त्याच्या वाराचे +३, पिंगळ्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११, म्हणजे ६५ टक्के वेळा लागणार. आणि एचपी (जीव) १.

माणदेशी_डी२०

वरचं सगळं बरोबर, पण त्याने तुमचा त्रास निम्माच जाईल. मेख स्पेलच्या दोन ओळींत आहे. एक: फॅमिलिअरला अ‍ॅक्शन खर्चून दुसऱ्या मितीत ठेवून देता येतं. दोन: शून्य एचपीला तो मरत नाही, नाहीसा होतो. या दोन ओळींमुळे तो जनावर न राहता हत्यार होतो. कमी जादूच्या जगात त्या काढा आणि त्याला सरळ पशू धरा. मग तो सतत कुठेतरी असावा लागतो: खांद्यावर, झोळीत, वळचणीला. रोज एक उंदीर किंवा मूठभर किडे लागतात. पावसात भिजलेला पिंगळा कुठे जात नाही. आणि मेला की मेला.

प्लेयरला हे सेशन झिरोसारखं (खेळाआधीच्या बैठकीसारखं) बसून आधी सांगा. मध्येच लादलं तर तो म्हणेल माझा स्पेल कापला, आणि ते खरंच असेल. बदल्यात काहीतरी द्या. मी सुचवेन की १०० फुटांची मर्यादा उठवा.

दचकू नका. मर्यादा उठवायची आणि बोलणं पहाटेवर टाकायचं. आपल्याकडे पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा (पक्षी नव्हे, भिक्षेकरी) दारी येतो, पक्ष्याची बोली ऐकून भविष्य सांगतो. तेच वापरा. पक्षी रात्रभर कुठंही जाऊ दे, पण मालकाला त्याची बोली कळते ती फक्त उजाडायच्या आधी, जेमतेम घटकाभर. डोळ्यांनी पाहणं बंद. यामुळे बातमी नेहमी शिळी असते. रात्री दोन पहारे होते, ते सकाळी असतील का? मग पार्टी आपसात वाद घालते, आणि चौघंही त्यात असतात.

बोलीतही पक्ष्याला जे कळतं तेवढंच. घुबडाचा इंटेलिजन्स २ आहे, हे लोक विसरतात. त्याला तोफ म्हणजे काय माहीत नाही, गणवेश माहीत नाही, बंद दार म्हणजे त्याच्यासाठी भिंत. मी डीएम असतो तर गडावरून आलेला पिंगळा असा बोलला असता:

'दगड. उजेड. मोठे दोघं चालतात. एक घोरतो. उंदीर. लय उंदीर. तिथं भोक आहे, मी जातो, तू नाही जात. कुत्रं.'

पहारेकऱ्यांची संख्या यात आहेच, पण खरी चीज उंदीर. जिथं उंदीर तिथं धान्य, म्हणजे अंबारखाना, आणि त्याला वारा खेळायला झरोका. हे डीएमने सांगायचं नाही. टेबलावर कुणाच्या तरी डोक्यात पेटू द्या. असा निरोप आधीच लिहून ठेवा, आठ ते दहा तुकडे, त्यात एक कामाचा, एक फसवा (कुत्रं बांधलेलं आहे की मोकळं?), बाकी नुसतं पक्ष्याचं जग. ऐन वेळी सुचत नाही, आणि मग डीएमच्या तोंडून 'बुरुजावर तीन धनुर्धारी' निघून जातं.

वारणाकाठचा_फासा

पहाटेची युक्ती भारी आहे राव. पण ज्यांना एवढं लिहायचा कंटाळा त्यांच्यासाठी सोपं: साद फासा. शीटवर डी८ (आठ बाजूंचा फासा) लिहा. पक्ष्याला काम सांगितलं की टाका. १ किंवा २ आला की फासा एक पायरी खाली: डी८, डी६, डी४. डी४ वर १-२ आला की पक्षी आठवडाभर ऐकत नाही. डी८ पासून सरासरी नऊ कामं होतात, डी६ पासून पाच. तीन तासांच्या सेशनला डी६ पुरे. दिवसभर विश्रांती आणि पोटभर खाणं दिलं तर एक पायरी वर.

माणदेशी_डी२०

साद फासा चांगलाच आहे, फक्त पहाटेच्या नियमाबरोबर लावू नका. एकाच पक्ष्याला दोन लगाम घातले की प्लेयर त्याला घरीच ठेवतो. डी४ पर्यंत उतरला की तो शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवतात, हाही दोष आहेच.

धागाकर्ता

पहाटेचा नियम घेतोय, प्लेयरला विचारलं, तो खूश आहे. पण आता दुसऱ्याला नंदीबैल हवाय आणि तिसऱ्याला घोरपड, गडाला दोर लावायला. फायटरवाला म्हणतो मला काही नको, फक्त लवकर खेळा.

कृष्णाकाठ

घोरपड दंतकथेत शोभते. जनावर म्हणून ती भिंतीला घट्ट धरते, पण लटकलेल्या माणसाचं वजन पेलणार नाही. दोराचं टोक वर नेईल, अडकवायला वर कुणीतरी हवंच. म्हणजे आत फितूर लागतो, आणि तुम्हाला अख्खं एक सेशन मिळतं. एवढंच द्या.

माणदेशी_डी२०

नंदीबैल मात्र घ्याच. अंगाने एल्कचा (मोठ्या हरणाचा) ब्लॉक, वेग ५० वरून ३० करा. त्याचं खरं काम मान हलवणं. दिवसाला एक प्रश्न, हो किंवा नाही. विचारायच्या आधी मालकाने स्वतःचा अंदाज मोठ्याने सांगायचा, हे सक्तीचं. मग डीएम पडद्यामागे डी६ टाकतो. ३ ते ६: मान खरी हलते. १-२: मालकाच्या मनात जे आहे तशीच हलते. खरा नंदीसुद्धा गुबूगुबू आणि दाव्याच्या इशाऱ्यावर मान हलवतो, त्यामुळे जादू आहे की शिकवण, हे टेबलाला कधीच कळत नाही. मालकाचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर धरला तर सहापैकी पाच उत्तरं खरी येतात. फार वाटलं तर ४ पासून पुढे खरं धरा, चारपैकी तीन होतील. फासा उघड टाकू नका, सगळी मजा त्यात आहे. आणि बैल गडावर चढवताना पायवाट, दिंडी, चारा सगळं मोजा. चोरवाटेने बैल जात नाही.

फायटरवाल्यासाठी: वाळूचं घड्याळ ठेवा, प्राण्याच्या कामाला टेबलावर दोन मिनिटं. वेळ संपली की प्राणी जे समजला ते करतो.

वारणाकाठचा_फासा

अवांतर: टेबलावर शोभेला खरा पिंगळा आणायची टूम निघाली तर तिथंच मोडून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली घुबड पकडणं, पाळणं गुन्हा आहे. लाकडी खेळण्यावर भागवा.

धागाकर्ता

घड्याळ आणतो. शेवटचं: पिंगळा खरंच मेला तर त्या प्लेयरला लगेच दुसरा द्यायचा का?

माणदेशी_डी२०

नाही. दहाव्या दिवसापर्यंत काही नाही. त्या दिवशी माहुलीच्या संगमासारखा घाट दाखवा, त्याला पिंडाशेजारी उंदीर ठेवू दे. कावळा शिवला तर तोच पुढचा सोबती, रेव्हनचा ब्लॉक, मिमिक्रीसकट (आवाजाची नक्कल). नाही शिवला तर पिंगळ्याचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय ते शोधायचं काम पार्टीचं, आणि त्या दिवसापर्यंत धुपाचे (स्पेल पुन्हा टाकायचा खर्च) १० गोल्ड शीटवरून वजा करू नका.