मालवाहू जहाजानं युरोपला जायचंय, बडोद्यातून कुणी गेलंय का?

सुरसागर_काठ
नमस्कार. रेल्वेच्या माल विभागात नोकरी झाली, आता निवृत्त. बडोद्याजवळच्या दशरथ गावच्या डेपोतून न्हावा शेवा आणि मुंद्रा बंदरांकडे निघालेल्या कंटेनरचे कागद वर्षानुवर्षं हाताखालून गेले. तो डबा पुढे समुद्रावर कसा जातो ते एकदा त्याच्यासोबत जाऊन बघायचंय. वय 61, बीपीची गोळी चालू, शाकाहारी, एकटी जाणार. चढायचं कुठून, कागद कोणते, बोट लागते का, ते सांगा. बजेट विमानभाडं आणि व्हिसा धरून 3 लाख, त्यापुढे जमणार नाही. क्रूझ नको.

मांजलपूरकर
ताई, क्रूझच करा. आम्ही दोघांनी सिंगापूरहून केली, बाल्कनीची खोली घेतली. साडेपाच लाख गेले, पण जैन जेवणसुद्धा मिळतं. मालवाहू जहाजावर बाईमाणसानं एकटीनं का जायचं?

डेपो_ते_डेक
मी फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल जहाजानं पाठवून देण्याच्या धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. न्हावा शेवा, मुंद्रा, हजिरा, यांपैकी कुठूनही कंटेनर लाइन, म्हणजे जहाज कंपनी, तिकीट लावून प्रवासी नेताना मी पाहिलेली नाही. हे युरोपातून चालायचं. फ्रान्सची सीएमए सीजीएम दिवसाच्या दरानं केबिन द्यायची. 2020 मध्ये कोविड आला आणि तिनं प्रवासी घेणं थांबवलं. आता तिकडच्या एजंटांकडे तुरळक फेऱ्या मिळतात. दिवसाला शंभर युरोच्या पुढेच धरा आणि तीन आठवड्यांचा हिशेब स्वतःच करा.

दुसरं, बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराच्या नियमानं ते प्रवासी जहाज ठरतं आणि सगळ्या अटी बदलतात. म्हणून मालवाहू जहाजावर फार तर बारा जण, प्रत्यक्षात दोन-चार केबिन. डॉक्टर नसतो. त्यामुळे वयाची मर्यादा, डॉक्टरचा दाखला आणि आजारपणात जहाज वळवावं लागलं तर त्याचा खर्च देणारा विमा, हे सगळं मागतात. बीपीची गोळी आधीच सांगायची, लपवायची नाही.

तिसरं, नोव्हेंबर 2023 मध्ये लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच लाइन्सनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. फेरा दहा-चौदा दिवसांनी वाढतो. जहाज तारीख पाळत नाही, बंदरसुद्धा ऐनवेळी बदलतं. परतीचं विमान पक्कं करून चढू नका.

कारेलीबाग_आजोबा
महाराज सयाजीराव 1887 साली युरोपला बोटीनंच गेले होते. बडोद्याच्या माणसाला समुद्राचं भय नसावं. जरूर जा.

मांजलपूरकर
आजोबा, तेव्हा विमान होतं कुठे? महाराजांचा लवाजमा वेगळा, ताई एकट्या.

कारेलीबाग_आजोबा
लवाजम्याचा प्रश्न नाही, हिमतीचा आहे.

चीफची_आई
माझा मुलगा टँकरवर चीफ ऑफिसर. सूनबाई त्याच्यासोबत जाऊन आली, ब्राझीलपर्यंत. याला सुपरन्युमररी म्हणतात, कंपनी अधिकाऱ्याच्या बायकोला परवानगी देते. तुमच्या घरी कुणी मर्चंट नेव्हीत असेल तर विचारा. नसेल तर कठीण. आणि ब्राझीलला जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. ते पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर आपल्याच विमानतळावर विलगीकरणात बसवतात.

खाखरा_सोबत
जेवणाचं कुणीच बोलत नाही! मालवाहू जहाजावर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये ठरल्या वेळेला बसायचं, खानसामा करेल ते खायचं. मेथीचे थेपले आठवडाभर टिकतात, लीला चिवडा मात्र नेऊ नका, तो ओलसर, खराब होतो.

मांजलपूरकर
आमचा लीला चिवडा सिंगापूरपर्यंत नीट राहिला.

खाखरा_सोबत
तुम्ही विमानानं नेलात. इथे आठवड्यांचा प्रश्न आहे.

अलकापुरी_अ
ताई, पैसे घालण्याआधी पोट तपासा. दहेजहून घोघ्याला रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट आहे, ट्रकवाल्यांसोबत बसून जा आणि या.

डेपो_ते_डेक
दहेज नव्हे, हजिरा. दहेजचा मार्ग गाळानं खोली कमी पडली म्हणून बंद झाला. नोव्हेंबर 2020 पासून बोट हजिरा ते घोघा चालते. पण सूचना उत्तम आहे. ट्रक, मोटारी, माणसं सगळं एकाच बोटीत, चारेक तास. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर मोठा, तिथे पोट टिकलं तर धीर येईल.

अलकापुरी_अ
मी दहेजहूनच गेलो होतो.

डेपो_ते_डेक
गेला असाल, तेव्हा चालू होती.

ल्यूबेकची_मावशी
माझी भाची जर्मनीत ल्यूबेकला शिकते, तिच्याकडे गेले होते तेव्हाचं सांगते. ताई, तुम्हाला कंटेनर जहाजच हवंय की मालासोबतचा प्रवास? दुसरं असेल तर ल्यूबेकजवळच्या ट्राव्हेमुंडेहून हेलसिंकीला फिनलाइन्सची बोट जाते. मुख्य काम ट्रकांचं. चार किलोमीटरहून लांब रांग होईल एवढे ट्रेलर पोटात मावतात. वर केबिन, आपल्यासारख्यांना तिकीट मिळतं, गाडी नसली तरी चालतं. तीसेक तासांचा प्रवास.

मला आठवतं ते ट्रक चढण्याचं. बिनड्रायव्हरचे ट्रेलर पिवळ्या ट्रॅक्टरनं उलटे ढकलत आत नेतात. खाली चाकांना लाकडी पाचर, दोन्ही बाजूंनी साखळ्या, आणि एक माणूस हातभर लांब दांड्यानं साखळी आवळतो. शेवटचा कट्ट आवाज आला की पुढच्याकडे. मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ तेवढंच बघत होते. जेवायला बसले तर आजूबाजूला सगळे ट्रकड्रायव्हर, ताटात बटाटा, सॅलड, ब्रेड. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. हेलसिंकीत बोट वुओसारीला लागते. ते मालाचंच बंदर, पर्यटकांचं नाही. तिथून बस, मग मेट्रो.

जर्मनी आणि फिनलंड दोन्हीला एकच शेंगेन व्हिसा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करा. केबिन शक्यतो मधल्या भागातली, खालच्या मजल्याची मागा, तिथे कमी हलतं. आणि जून-जुलैतच जा, थंडी सोसत नाही आपल्याला.

नॉर्वे_वेडा
हुर्टिग्रुटेन! नॉर्वेच्या किनाऱ्यानं जाणारी बोट, 1893 पासून चालू आहे, बर्गन ते किर्केनेस, वाटेत 34 बंदरं, माल उतरवत जाते. याहून मोठं काही नाही. खर्च थोडा वाढेल, पण आयुष्यात एकदाच. उन्हाळ्यात जा, मध्यरात्रीचा सूर्य दिसेल.

सुरसागर_काठ
नॉर्वे_वेडा, मी 3 लाख लिहिलं होतं.

नॉर्वे_वेडा
हो, पण एकदाच म्हणून पाच धरा.

चीफची_आई
लस विसरू नका.

डेपो_ते_डेक
ताई ब्राझीलला जात नाहीयेत. ल्यूबेकवाल्या मावशींचं ऐका आणि जूनमध्येच जा. फेब्रुवारीत फिनलंडच्या आखातात बर्फ धरतो.

सुरसागर_काठ
सगळ्यांचे आभार. दिवाळीनंतर हजिरा-घोघा करून पोट तपासते. ते टिकलं तर ट्राव्हेमुंडे ते हेलसिंकी, आणि फेब्रुवारीतच. बर्फ धरतो हे वाचलं तेव्हाच ठरलं. ट्रेलरांनी भरलेली बोट बर्फ फोडत बंदरात कशी शिरते ते मला बघायचंय, आणि जूनमध्ये ते दिसणार नाही. त्या दिवसांत गर्दी कमी असते, विमानभाडंही खाली येतं, 3 लाखांत बसेल. येताना हेलसिंकीहून विमान, तारीख दोन दिवस पुढची ठेवते.

ल्यूबेकची_मावशी, तुमच्या भाचीला विचाराल का, ट्राव्हेमुंडेला रात्री चढेपर्यंत धक्क्यावर बसायला गरम जागा आहे का? बाकी लोकरीचं मी बघते.

ल्यूबेकची_मावशी
विचारते आज रात्री. मोजे दोन जोड एकावर एक घालायचे, म्हणून बूट एक नंबर मोठा घ्या. आणि फेब्रुवारीबद्दल अजून विचार करा, असं माझं मत.

मांजलपूरकर
फेब्रुवारीत सिंगापूरची हवा छान असते.