चुंबकाचे खेळ: तुम्ही वर्गात काय काय घेता?

बालवाडी ते चौथीच्या मुलांना चुंबक शिकवताना व्याख्या पाठ करून घेऊन काहीच हाती लागत नाही, वस्तू हातात द्याव्याच लागतात, म्हणून हा धागा. कोणता खेळ घेता आणि मुलं काय म्हणतात ते सविस्तर लिहा प्लीज.

*

मी पहिलीला घेते. खिळा, खोडरबर, पितळी चावी, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, यू-पिना असं सगळं टेबलावर, आणि आधी अंदाजाने दोन ढीग करायचे, चुंबक मगच मिळणार. चकाकतं ते चिकटणार हे मुलांचं ठरलेलंच असतं, त्यामुळे फॉइल जागचं हलत नाही तेव्हा जो गोंधळ उडतो ना तो मला हवाच असतो. स्टीलचे चमचे मुद्दाम दोन प्रकारचे ठेवते, एक चिकटतो एक नाही. मोठी मुलं असतील तर लोखंड, निकेल, कोबाल्ट ही चिकटणाऱ्या धातूंची नावं सांगावीत.

*

मासेमारी! पुठ्ठ्याचे मासे, तोंडाला क्लिप, काठीच्या दोऱ्याला चुंबक. पण थोड्या माशांना प्लास्टिकची क्लिप लावा, मग "हा का येत नाही" हे मुलंच शोधतात. नंतर काचेच्या ग्लासात पाणी आणि तळाशी टाचणी, हात न भिजवता बाहेर काढायची. एकजण म्हणाला, पाण्याला कळलंच नाही!!

*

आम्ही मुलांनाच चुंबक करतो. उजव्या हाताला लाल रिबन, डाव्या हाताला निळी. लाल-निळं भेटलं तर हात धरायचे, लाल-लाल किंवा निळं-निळं आलं की उडी मारून लांब. थोड्या वेळात आपोआप साखळी होते आणि तिचं एक टोक लाल, दुसरं निळं, मग मी साखळी मधेच तोडते आणि विचारते आता टोकं बघा, तर दोन्ही तुकड्यांना परत एक लाल एक निळं! चुंबक तोडला तरी दोन ध्रुव राहतात हे फळ्यावर चित्र काढून इतकं कधीच पोचलं नव्हतं. मला हा खेळ सगळ्यात जास्त आवडतो.

*

एक कळकळीची विनंती. ते छोटे ताकदवान निओडिमियम धातूचे चुंबक-गोळे लहान वर्गात अजिबात आणू नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मधे चिमटतात आणि भोक पडू शकतं. मोठे फेराइटचे (साधे काळे) चुंबक घ्या, तास संपला की मोजून परत घ्या. लोहकीस पारदर्शक बाटलीत, झाकण पक्कं बंद करून.

*

चौथीला सुईचं होकायंत्र. सुई चुंबकावर एकाच दिशेने घासायची, बुचाच्या चकतीवर ठेवून पाण्यात सोडायची. सगळ्या गटांच्या सुया उत्तर-दक्षिण झाल्या की मुलं विचारतात कोण फिरवतंय, तेव्हा सांगते की विल्यम गिल्बर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने १६०० साली पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे असं मांडलं. यावर एका मुलीने विचारलं, मग आपण खाली त्यामुळेच चिकटून राहतो का? मी तिला खडू दिला. तो चुंबकाला चिकटत नाही पण सोडला की पडतो, म्हणजे खाली ओढणारं काहीतरी वेगळंच आहे, एवढं तिचं तिलाच सुचलं.

*

खडूचं भारीये, उद्याच घेते! पाण्याला भांडं मात्र प्लास्टिकचंच घ्या, स्टीलचं चिकटणारं निघालं तर सुई कडेलाच जाऊन बसते.